मुक्या जिवांची ओळख

गेल्या महिन्यात निपाणीहून गोव्याकडे परतताना बेळगावच्या बसस्थानकावर आम्हांला तासभर खोळंबावे लागले. चहाच्या गाड्याशेजारच्या खांबावर एक कागद चिकटवलेला होता. वर ठळक अक्षरांत ‘दत्तक देणे आहे’ असे शब्द, खाली एक छायाचित्र आणि त्याखाली निवारागृहाचा पत्ता. छायाचित्रात पुढे लोखंडी जाळी, मागे अंधार आणि त्या अंधारात हिरवट पांढरे चमकणारे दोन ठिपके. ते एका कुत्र्याचे डोळे आहेत, हे बारकाईने पाहिल्यावरच ध्यानात येत होते. तासाभरात त्या खांबासमोरून शेकडो माणसे गेली असतील. थांबले ते फक्त एक पाच-सहा वर्षांचे पोर. त्याने बोट दाखवले, तशी आईने त्याचा हात ओढला आणि म्हणाली, “नको बघूस तिकडं, चावतंय ते.”

आईचे काहीही चुकले नाही. त्या कागदावरचा प्राणी खरोखरच चावरा दिसत होता. आमची बस आणखी उशिराने सुटणार असल्याचे कळले, तेव्हा रिक्षा करून आम्ही त्या पत्त्यावर गेलो. तेथे जे जनावर आमच्यासमोर आले, ते दोनेक वर्षांचे, तांबूस रंगाचे, एका कानाचे टोक किंचित मुडपलेले असे होते. त्याने आमचे जोडे हुंगले आणि हनुवटी आमच्या पावलावर टेकून ते स्वस्थ बसले. तेथील वयस्क राखणदार कौतुकाने म्हणाले, “साहेब, ह्याला मराठी बी कळतंय आन् कन्नड बी कळतंय. ‘ये’ म्हटलं तरी येतंय, ‘बा’ म्हटलं तरी येतंय.” असे हे गुणी जनावर आठ महिने तेथे पडून होते आणि त्याला पाहावयास एकही माणूस आला नव्हता. खांबावरचे चित्र आणि पावलाशी बसलेला जीव या दोहोंत जे अंतर होते, तेच आजच्या या अग्रलेखाचे प्रयोजन होय.

बेळगाव-निपाणीकडील कुत्र्यांच्या छायाचित्रांवर गोमंतकातील दैनिकाने स्तंभ खर्ची घालावेत काय, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. परंतु चोर्ल्याचा घाट उतरून रोज पहाटे आमच्या बाजारात जी भाजी येते, आमचे जे रुग्ण उपचारासाठी घाट चढून जातात, आमच्या ज्या लेकी त्या मुलखात नांदतात, त्या सर्वांनी हा प्रदेश आमच्या अंगणाइतकाच जवळ आणला आहे. शिवाय जे दृश्य आम्ही तेथे पाहिले ते म्हापशात, मडगावात किंवा सावंतवाडीतही दिसते. दुसऱ्याच्या दारातील दोष आधी दिसतो आणि मग आपल्या दारातला उमगतो, हा तर मनुष्यस्वभावच आहे.

या प्रश्नाला आज पूर्वी कधी नव्हती एवढी निकड आली आहे. ११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने दिल्ली परिसरातील भटकी कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश दिला आणि देशभर वादळ उठले. २२ ऑगस्ट रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने त्यात बदल केला. निर्बीजीकरण आणि लसीकरण करून कुत्री मूळ जागी सोडावीत, पिसाळलेली व आक्रमक तेवढी वेगळी ठेवावीत, असे ठरले आणि ज्यांची इच्छा असेल त्या नागरिकांनी स्थानिक संस्थेकडे अर्ज करून कुत्री दत्तक घ्यावीत, हा मार्गही खुला झाला. पुढे ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशाने शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके आणि रेल्वेस्थानके यांच्या आवारातील कुत्री हलवून निवाऱ्यांत ठेवावीत व तेथे पुन्हा सोडू नयेत, असे सांगण्यात आले. या आदेशांच्या गुणदोषांची चर्चा आम्ही येथे करीत नाही. आमचा मुद्दा साधा आहे. ज्या घरात आत येण्याची वाट रुंद झाली आणि बाहेर जाण्याची वाट चिंचोळी राहिली, ते घर लवकरच कोंडवाडा होते. निवाऱ्यातून बाहेर पडण्याची जी एकच सुखाची वाट आहे, ती म्हणजे कुणाचे तरी घर. त्या वाटेवरचे पहिले पाऊल आज बहुतेक वेळा एका छायाचित्रावर पडते.

मुक्या जनावरांना आश्रय देण्याची कल्पना आपल्याकडे परकी नाही. १८३२ साली मुंबईत इंग्रज अंमलदारांनी भटकी कुत्री मारण्याची मोहीम काढली, तेव्हा पारशी बांधव रस्त्यावर उतरले आणि शहरात दंगल उसळली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जिजीभाई आणि अमिचंद शहा यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरपोळ उभा राहिला. पुढे अशा संस्था गावोगाव निघाल्या; निपाणीहून तासाभराच्या अंतरावर असलेल्या कोल्हापुरातही पांजरपोळ आहे. या संस्थांचे पुण्य मोठे. परंतु जुन्या पांजरपोळाची मूळ कल्पना थकल्याभागल्या जनावराला शेवटचे दिवस सुखाने काढता यावेत, अशी होती. जनावर तेथे येत असे ते राहण्यासाठीच. आजच्या निवारागृहाचे काम निराळे आहे. महामार्गावर जखमी झालेले, घरातून टाकून दिलेले, पावसात गटारीच्या काठी सापडलेले पिल्लू तेथे येते, बरे होते आणि मग त्याने तेथून जावे, अशी अपेक्षा असते. ते गेले तरच त्याच्या जागी दुसऱ्याचा जीव वाचतो. हा फरक ज्याला उमगला, त्याला छायाचित्राचे महत्त्व वेगळे सांगावे लागणार नाही.

पुणे-बंगळूर महामार्ग निपाणीला खेटून, तवंदीचा घाट चढून, संकेश्वरावरून बेळगावकडे जातो. या रस्त्यावर रात्रंदिवस अवजड वाहने धावतात आणि त्यांच्या चाकांखाली किती मुके जीव येतात, याची गणती कोणी ठेवीत नाही. त्यांतली काही कुत्री गावोगावची तरुण मुले उचलून आणतात, स्वतःच्या खिशातून औषधे करतात, रात्री जागवतात. या मुलांविषयी आम्हांला मनःपूर्वक आदर आहे. त्यांनी काढलेली छायाचित्रे मात्र बहुधा एकाच जातीची असतात. चिघळलेली जखम, बरगड्या वर आलेले अंग, साखळी, जाळी आणि कोपऱ्यात अंग चोरून बसलेला भेदरलेला प्राणी. हेतू निर्मळ असतो. जग किती निष्ठुर आहे हे जगाला दाखवावे, असे त्यांना वाटते. पण या चित्रांचा परिणाम काय होतो? पाहणारा हळहळतो, फार तर शंभर रुपये पाठवतो आणि मान फिरवतो. दया वाटणे आणि घरात घ्यावेसे वाटणे या दोन अगदी वेगळ्या भावना आहेत. दयेचे चित्र औषधाचा खर्च भागवील. घर मिळवून देणार नाही. जखमेचे चित्र जखम असेतोवर दाखवावे आणि त्यातून मदत मागावी. जखम भरली की ते चित्र फाडून टाकावे व त्या जनावराचे नवे चित्र काढावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हे केवळ आमचे मत नव्हे. अमेरिकेत निवाऱ्यांतील जनावरांची छायाचित्रे पाहून लोक ती दत्तक घेतात. तेथे लॅब्राडॉर संकराच्या काळ्या कुत्र्यांच्या अशा छायाचित्रांचा एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. ज्या कुत्र्यांची चित्रे स्पष्ट होती, जी उभी होती, मोकळ्या जागेत होती आणि ज्यांची नजर थेट पाहणाऱ्याकडे होती, त्यांना घर लवकर मिळाल्याचे त्यात दिसून आले. रंग तोच, जात तीच. फरक पडला तो चित्राने. परदेशातील निष्कर्ष जसाच्या तसा येथे लावू नये, हे खरे. तरीपण नजरेला नजर भिडली की माणूस थबकतो, ही गोष्ट अमेरिकेत खरी आणि निपाणीच्या बाजारपेठेत खोटी असे कसे म्हणावे?

आपल्या घराघरांतून दत्तात्रेयाची तसबीर असते. नरसोबाची वाडी ज्या मुलखाच्या हाकेच्या अंतरावर आहे, तेथे तर ती नसलेले घर विरळाच. त्या तसबिरीकडे आज पुन्हा एकदा निरखून पाहावे, अशी आमची वाचकांना विनंती आहे. महाराजांच्या पायांशी चार श्वान असतात. ते चार वेद होत, असे आपल्याला लहानपणी सांगितलेले असते. पण चित्रकाराने ते काढले कसे आहेत? त्यांच्या गळ्यात साखळी नाही, त्यांच्यापुढे जाळी नाही, अंगावर जखम नाही. ते उजेडात उभे आहेत, माना वर आहेत, डोळ्यांत विश्वास आहे. ज्या श्वानांना आपण रोज उदबत्ती ओवाळतो, त्यांना त्या चित्रकाराने आधी मान दिला, म्हणून आपले हात जोडले गेले. निवाऱ्यातील कुत्र्याचे छायाचित्र काढणाऱ्याने आपला धडा या तसबिरीपासून घ्यावा. जनावराला आधी मान द्यावा. चित्र त्याच्या मागोमाग येते.

आता प्रत्यक्ष कामाविषयी चार गोष्टी सांगणे अवश्य आहे. आम्ही स्वतः छायाचित्रकार नव्हे. तथापि लग्नकार्यात छायाचित्रे काढणारा एक उमदा तरुण त्या दिवशी निवाऱ्यात आला होता. त्याची कामाची रीत आम्ही जवळून पाहिली आणि त्याला अनेक प्रश्न विचारले. त्याने केलेली पहिली गोष्ट म्हणजे कॅमेरा पिशवीतच ठेवून तो जमिनीवर मांडी घालून बसला. उभ्या माणसाने वरून काढलेल्या चित्रात कुत्रे डोके मोठे आणि पाय आखूड असे केविलवाणे दिसते. शिवाय अंगावर वाकलेला माणूस कुठल्याही जनावराला भीतिदायकच वाटतो. कॅमेऱ्याची काच जनावराच्या डोळ्यांच्या उंचीवर आली पाहिजे, हा पहिला नियम. मांजर असेल तर आडवे पडावे लागले तरी पडावे.

दुसरा नियम उजेडाचा. फ्लॅश वापरू नये. कुत्र्यामांजरांच्या डोळ्यांत मागच्या बाजूस चकाकणारा एक थर असतो. अंधारात पाहण्यासाठी निसर्गाने तो दिलेला आहे. फ्लॅशचा झोत त्यावरून उलटतो आणि गरीब गाईसारखे जनावरही भुतासारखे दिसू लागते. बसस्थानकावरच्या त्या चित्राचे इंगित हेच होते. भर दुपारचे ऊनही नको. त्यात डोळे मिटतात आणि तोंडावर काळ्या सावल्या पडतात. सकाळचा किंवा उतरत्या दिवसाचा प्रकाश उत्तम. तो नसेल तर ओसरीची, झाडाची सावली बरी. बेळगावच्या चार महिन्यांच्या रिपरिपीला सगळेच कंटाळतात, परंतु ढगाळ आकाशाचा तो मऊ, सारखा पसरलेला उजेड या कामाला फार चांगला, असे त्या तरुणाने आम्हांला सांगितले. पावसाची सर थांबली की अंगणात यावे, एवढेच.

काळ्या जनावरांची गोष्ट जरा वेगळी. निवाऱ्यांतून काळी कुत्री आणि काळी मांजरे मागे राहतात, अशी तेथे काम करणाऱ्यांची नेहमीची तक्रार असते. त्यात अंधश्रद्धेचा भाग असेल, पण चित्राचाही आहे. अंधाऱ्या पिंजऱ्यात काढलेले काळे कुत्रे म्हणजे नुसता डाग. ते बाहेर आणावे, मागे मातीची भिंत किंवा हिरवळ असू द्यावी, उजेड एका बाजूने येऊ द्यावा म्हणजे केसांची झळाळी दिसते. मोबाइलच्या पडद्यावर बोट नेमके त्याच्या तोंडावर टेकवावे म्हणजे यंत्र त्याच्या चेहऱ्याचा अंदाज घेऊन उजेड ठरवते. असे केल्याने काळ्या चेहऱ्यातले तपकिरी डोळे उघड होतात आणि डोळे दिसले की जनावर ‘कोणीतरी’ होते.

तिसरा नियम धीराचा. छायाचित्रापूर्वी कुत्र्याला थोडे फिरवून आणावे म्हणजे अंगातील रग उतरते. डोळ्यांच्या कडा ओल्या फडक्याने पुसाव्यात. मोबाइलची काचही पुसावी. निम्मी पुसट चित्रे बोटांच्या डागांमुळे निघतात, हे त्या तरुणाचे हसत हसत सांगितलेले निरीक्षण. साखळी काढून हातात साधी दोरी धरावी. नाव घेऊन हाका मारीत सुटू नये. कागदाचा चुरगळलेला आवाज किंवा बिस्किटाच्या पुड्याची खसखस पुरते. कान टवकारले, मान किंचित कलली, तोंड सैल सुटले की तोच क्षण. मांजराच्या बाबतीत तर आपण त्याच्याकडे पाहतच नाही, असे भासवावे. खिडकीच्या उजेडात एक सुतळी हलत राहिली की पुरे. जे जनावर भेदरलेले आहे, त्याचे चित्र त्या दिवशी काढूच नये. उद्या यावे, परवा यावे. भीतीचे चित्र काढण्यात कसलेही कौशल्य नाही.

चित्रे तीन असावीत. एक चेहऱ्याचे, एक सबंध अंगाचे आणि एक माणसासोबतचे. तिसरे सर्वांत महत्त्वाचे, कारण त्यावरून जनावराचा आकार कळतो आणि ते माणसात कसे वागते, हेही कळते. बाईच्या मांडीवर डोके ठेवलेले कुत्रे पाहिले की पाहणाऱ्याला त्या मांडीच्या जागी स्वतःची मांडी दिसू लागते. कानाच्या टोकाला जी छोटी खाच असते, तीही चित्रात स्पष्ट यावी. अनेकांना ती जखम वाटते. वस्तुतः ती निर्बीजीकरण झाल्याची खूण आहे आणि दत्तक घेणाऱ्याच्या दृष्टीने त्याहून मोलाचा दागिना नाही.

येथवर आम्ही चित्र चांगले कसे काढावे ते सांगितले. आता चित्र खरे असावे, हे त्याहूनही आग्रहाने सांगावयाचे आहे. आपल्या समाजात स्थळे पाहण्याच्या काळी मुलीला स्टुडिओत नेऊन छायाचित्र काढविण्याची रीत होती. रंगवलेला पडदा, उसना शालू, फुलदाणीवर ठेवलेला हात. त्या चित्रांनी किती फसवणुकी केल्या आणि किती संसारांत कायमची अढी घातली, हे जुन्या पिढीला ठाऊक आहे. निवाऱ्यातील जनावराला चित्रातून खोटा साज चढवला, म्हाताऱ्याला तरुण केले, लंगडा पाय झाकला, तर त्याचीच पुनरावृत्ती होईल. फरक इतकाच की फसलेला माणूस येथे जनावर परत आणून सोडतो, किंवा परत आणण्याचेही कष्ट न घेता घाटात सोडून देतो. दुसऱ्यांदा टाकून दिलेल्या कुत्र्याची नजर ज्याने पाहिली आहे, तो पुन्हा कधी असे खोटे चित्र काढणार नाही.

खरेपणाने नुकसान होत नाही, याचे उदाहरण त्याच निवाऱ्यात आम्हांला ऐकावयास मिळाले. तवंदी घाटात वाहनाखाली सापडलेल्या एका कुत्रीचा मागचा पाय कापावा लागला होता. तिचे पहिले छायाचित्र पट्ट्या बांधलेल्या थोट्या पायाचे होते. औषधापुरते पैसे त्याने मिळाले. पुढे पाच महिने तिच्याविषयी कोणी विचारले नाही. मग या तरुणाने तिला अंगणात नेऊन तिचे चित्र काढले. तीन पायांवर नीट तोललेली, मान उंच आणि शेपूट वर. पाय लपवला नाही, उगाच पुढेही केला नाही. खाली दोन ओळी होत्या: पाय तीन आहेत, जिना चढते, मुलांत रमते. गडहिंग्लजकडील एक शिक्षक दांपत्य पंधरा दिवसांत येऊन तिला घेऊन गेले. निवारा कर्नाटकात आणि घर महाराष्ट्रात, पण मध्ये कुठेही सीमा आडवी आली नाही.

या मुलखाच्या श्वानवैभवाची आठवण येथे होणे अपरिहार्य आहे. बेळगावच्या पूर्वेस, आजच्या बागलकोट जिल्ह्यातील मुधोळ हे घोरपडे घराण्याचे मराठी संस्थान. तेथील राजे मालोजीराव घोरपडे यांनी सडपातळ, लांब पायांच्या शिकारी कुत्र्यांची जोपासना केली आणि मुधोळचे नाव सर्वत्र झाले. २००५ साली भारतीय टपाल खात्याने चार देशी कुत्र्यांवर तिकिटे काढली, त्यांत मुधोळला स्थान मिळाले. ३० ऑगस्ट २०२० रोजी पंतप्रधानांनी आकाशवाणीवरील भाषणात त्याचा उल्लेख केला. हा गौरव योग्यच आहे. परंतु तिकिटावर छापलेल्या कुत्र्याकडे देश ज्या अभिमानाने पाहतो, त्याचा शतांशही बेळगावच्या खडे बाजारात पहाटे हिंडणाऱ्या गावठी कुत्र्याच्या वाट्यास येत नाही. आपल्या हवेत टिकणारे, साध्या अन्नावर राहणारे, चलाख असे हे जनावर. त्याचे चांगले चित्र आपण कधी काढलेच नाही आणि न काढलेल्या चित्रावरून ते नालायक ठरवून मोकळे झालो. हजारो रुपये मोजून परदेशी जातीची, थंड मुलखातली पिल्ले आणावयाची आणि ती मोठी झाल्यावर जड झाली म्हणून टाकून द्यावयाची, ही नवी रीत त्या अज्ञानाचेच फळ होय.

या विवेचनावर एक आक्षेप हमखास घेतला जाईल आणि तो आम्ही उडवून लावीत नाही. रस्त्यांवर लहान मुलांचे लचके तोडले जात असताना तुम्हांला कुत्र्यांच्या छायाचित्रांची चैन कसली सुचते, असे कोणी विचारील. ज्याच्या घरचे मूल चावले गेले, त्याच्या संतापापुढे आम्ही मान लववतो. पण उपाय काय, हे शांतपणे पाहू. गोव्यात सरकार आणि मिशन रेबीज ही संस्था यांनी २०१४ पासून घरोघर, वाडोवाडी फिरून कुत्र्यांचे लसीकरण केले आणि २०२१ साली गोवा हे रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून घोषित झाले. हे यश लाठ्यांनी मिळाले नाही. मोजणी, लस, शिक्षण आणि सातत्य यांनी मिळाले. निर्बीजीकरण ही या कामाची दुसरी बाजू आणि दत्तकविधान तिसरी. घरात गेलेले प्रत्येक कुत्रे हे रस्त्यावरून कमी झालेले कुत्रे होय. म्हणून ज्याला कुत्री आवडत नाहीत, त्यानेही निवाऱ्यातील जनावराचे चित्र चांगले निघावे, अशीच इच्छा धरावी. चावऱ्या आणि हिंस्र जनावराचे गोंडस चित्र काढून ते कुणाच्या गळ्यात बांधू नये, हे खरेपणाच्या नियमातच आले.

मग करावे काय? आमच्या सूचना अगदी साध्या आहेत. बेळगावच्या गल्ल्यांतून आणि निपाणीच्या पेठेतून छायाचित्रकारांची दुकाने आहेत. लग्नसराईत त्यांना श्वास घेण्यास फुरसत नसते, पण आषाढापासून आश्विनापर्यंत हात बऱ्यापैकी रिकामे असतात. त्या दिवसांत प्रत्येकाने महिन्यातून एक सकाळ जवळच्या निवाऱ्याला द्यावी. महानगरपालिका आणि नगरपालिका यांनी आपल्या फलकांवर जप्तीच्या नोटिसांशेजारी चार चित्रांपुरती जागा ठेवावी. महाविद्यालयांतील मुलांच्या हाती उत्तम मोबाइल असतात. त्यांना या कामी लावावे. चित्राखालचा मजकूर मराठी आणि कन्नड दोन्हींत असावा, कारण घर कोणत्या भाषेचे निघेल, हे आधी सांगता येत नाही. वय, नर की मादी, लस आणि शस्त्रक्रिया झाली की नाही, स्वभाव कसा, मुलांत कसे राहते, एवढे तीन-चार ओळींत लिहावे. त्यावर अश्रू ढाळणारे निबंध नकोत. आणि वृत्तपत्रांनीही, आम्ही स्वतःला यातून वगळत नाही, आठवड्यातून एकदा आपल्या पानाचा एक कोपरा या जिवांसाठी मोकळा करावा. हरवले-सापडलेच्या जाहिरातींना जी जागा मिळते, ती टाकून दिलेल्यांना का मिळू नये?

त्या दिवशी आमची बस सुटण्यापूर्वी त्या तरुणाने दोन चित्रे काढली. पहिले त्या तांबूस कुत्र्याचे. राखणदार मामा पायरीवर बसलेले, कुत्र्याची हनुवटी त्यांच्या गुडघ्यावर आणि नजर सरळ आपल्याकडे. दुसरे एका काळ्या, तोंडावर पांढरे केस आलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याचे. ओल्या अंगणात, मातीच्या भिंतीसमोर उभे. परवा आम्ही निवाऱ्यात चौकशी केली. बसस्थानकावरचा जुना कागद निघाला, नवा लागला आणि तांबूस कुत्र्यासाठी दोन कुटुंबे येऊन पाहून गेली. त्यांतल्या एकाने ते नेले. काळा म्हातारा अजून तेथेच आहे. चांगल्या चित्राने सारेच साधते, असे आम्ही म्हणणार नाही. पण खांबासमोरून जाणारी माणसे आता त्याच्यापाशी थांबतात, असे मामांनी सांगितले. एक बाई रोज बाजारातून येताना त्याचे चित्र पाहून जाते म्हणे. तिच्या घरचे अद्याप राजी नाहीत. ते होईपर्यंत तो कागद पावसात भिजू नये, म्हणून मामांनी त्यावर प्लॅस्टिक लावून ठेवले आहे.